मज्जेतून फुप्फुसाकडे

(पालघर येथे एका स्मृती-व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान. छापताना थोडी काटछाट केली आहे.)



निमंत्रणपत्रिकेवर पार्वोविषाणूचे नाव छापून आल्यापासून मला ओळखीच्यांचे फोन येत आहेत. सगळ्यांचा प्रश्न एकच : पार्वो म्हणजे कुत्र्यांना होतो तोच ना? बोईसरच्या कॉलन्यांत ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्यांना हा शब्द पाठ असतो. पिल्लू सहा-आठ आठवड्यांचे झाले की लस टोचून आणायची, नाहीतर उलट्या आणि रक्ताचे जुलाब होऊन ते हातचे जाते, हे त्यांना कुणी सांगावे लागत नाही. तो कुत्र्यांचा पार्वो. १९७८च्या सुमारास तो पहिल्यांदा दिसला आणि दोनेक वर्षांत जगभर पसरला. तो माणसाला होत नाही. मी ज्याच्याबद्दल बोलणार आहे तो माणसाचा पार्वो, बी-१९. तो कुत्र्याला होत नाही. तेव्हा घरी गेल्यावर मोतीकडे संशयाने पाहू नका.

तरीही कुत्र्याच्या पार्वोतली एक गोष्ट आजच्या विषयासाठी उसनी घेतो. पिल्लू अगदीच कोवळे असेल आणि आईच्या दुधातून त्याला संरक्षण मिळालेले नसेल, तर हा विषाणू हृदयाच्या स्नायूंत शिरतो. काल अंगणात उड्या मारणारे पिल्लू आज धापा टाकते आणि संध्याकाळपर्यंत मरते. मालक सांगतो, ‘छाती भरली होती.’ छाती खरोखरच भरलेली असते, फुप्फुसांत पाणी साचलेले असते. पण विषाणू तिथे नव्हताच, तो होता हृदयात.

पार्वो कुळातल्या विषाणूंची ही रीतच आहे. त्यांच्याजवळ सामानसुमान फार थोडे. करोनाच्या विषाणूची जनुकीय संहिता तीस हजार अक्षरांच्या घरातली, बी-१९ची जेमतेम साडेपाच हजारांची. स्वतःची नक्कल काढण्याची यंत्रणा जवळ नसल्यामुळे याला अशी पेशी लागते जी आधीच विभाजनाच्या गडबडीत आहे. कुत्र्यात तशा पेशी आतड्याच्या अस्तरात मिळतात, नवजात पिल्लाच्या हृदयात मिळतात. माणसात त्या मिळतात हाडांच्या आत, मज्जेमध्ये, जिथे रात्रंदिवस तांबड्या पेशी तयार होत असतात. मोठ्या माणसाच्या फुप्फुसात त्याचे फारसे काम नाही. या कुळात याला अपवाद एक. २००५ साली स्वीडनमध्ये टोबियास आलांडर आणि सहकाऱ्यांनी लहान मुलांच्या नाकातल्या स्रावातून बोकाविषाणू शोधून काढला. तो याच कुळातला असून थेट श्वसनमार्गात शिरतो आणि बाळांना घरघर, खोकला, कधी न्यूमोनिया देतो. त्याबद्दल इतकेच. आपल्या जिल्ह्यात मला काळजी आहे ती बी-१९ची. तो फुप्फुसाला हात न लावता फुप्फुस निकामी करू शकतो, आणि म्हणून त्यामागे तो आहे हे कुणाच्या लक्षात येत नाही.

बी-१९ सापडला तो योगायोगानेच. लंडनमध्ये इव्हॉन कोसार्ट रक्तातल्या कावीळ-बी विषाणूच्या चाचण्या तपासत होत्या. एका नमुन्यात भलताच कण दिसला; नमुन्याचा क्रमांक बी-१९ होता, तेच नाव चिकटले. १९७५मध्ये शोधनिबंध आला. पुढची काही वर्षे हा विषाणू होता, पण त्याच्या नावावर आजार नव्हता. तो मिळाला १९८१मध्ये. लंडनमधल्या जमैकन कुटुंबांतली सिकलसेलची, म्हणजे तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकण्याच्या आजाराची, मुले अचानक पांढरीफटक पडून रुग्णालयात येत होती, आणि त्यांच्या रक्तात हा विषाणू मिळाला. त्याच वर्षी जमैकात ग्रॅहॅम सर्जंट यांच्या गटाने तिथली अख्खी साथच नोंदवली. निरोगी मुलाला याच विषाणूने दोन दिवस ताप येतो, गाल चापट मारल्यासारखे लाल होतात आणि प्रकरण मिटते. आपल्या सावळ्या वर्णावर ती लाली बऱ्याचदा दिसतही नाही.

सिकलसेलचे नाव निघाले की मला जव्हारचा घाट दिसतो. जव्हार, मोखाडा, विक्रमगड, डहाणू, तलासरी इथे काम केलेल्या कुणालाही हा आजार नवा नाही. वारली, कोकणा, कातकरी, धोडिया, दुबळा या समाजांत तो कमीजास्त प्रमाणात आहे. हद्दीपलीकडे वलसाडला हेच समाज आणि हाच आजार. तिथे वलसाड रक्तदान केंद्राच्या डॉ. यझदी इटालियांनी उभी हयात याच्या तपासणीत घालवली. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्याआधी २०१९मध्ये ती आपल्या पुण्याच्या डॉ. सुदाम काटे यांना मिळाली होती. काटेसरांनी सातपुड्यापासून गडचिरोलीपर्यंतचा मुलूख पालथा घातला. त्यांच्या नोंदी सांगतात की महाराष्ट्रातल्या काही आदिवासी समाजांत वाहक जवळपास नाहीत, तर भिल्ल, पावरा, माडिया, परधान यांच्यात ते वीस ते पस्तीस टक्क्यांपर्यंत आहेत. याला ‘आदिवासींचा आजार’ म्हणणे मात्र बरोबर नाही. विदर्भात तो इतर समाजांतही भरपूर आहे. आणि तारापूर एमआयडीसीच्या चाळींमध्ये ओडिशा-छत्तीसगडहून आलेली कुटुंबे राहतात, तीही सिकलसेलच्याच पट्ट्यातली. बोईसरच्या दवाखान्यात बसलेल्या डॉक्टरने ‘हे जव्हारकडचे प्रकरण’ म्हणून हात झटकण्यात अर्थ नाही.

तारापूरच्या कारखान्यांत काम करणाऱ्या श्रोत्यांना पुढचा हिशेब पटकन कळेल. समजा एका कारखान्याच्या गोदामात १२० दिवसांचा माल आहे. आठवडाभर प्लांट शटडाउन झाला तर गिऱ्हाइकाला पत्ताही लागत नाही. दुसऱ्या कारखान्याच्या गोदामात जेमतेम पंधरा दिवसांचा माल आणि प्लांट तिन्ही पाळ्यांत धावतो आहे म्हणून कसेबसे भागते आहे. तिथे तोच आठवड्याचा शटडाउन झाला तर? निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. सिकलसेलच्या रुग्णाची दहा ते वीस दिवस. त्याची मज्जा कित्येक पटींनी राबत असते म्हणून हिमोग्लोबिन सात-आठवर टिकते. बी-१९ मज्जेत शिरतो आणि तांबड्या पेशींचे उत्पादन आठवडा-दहा दिवस जवळजवळ शून्यावर आणतो. हिमोग्लोबिन तीन-चारवर घसरते, कधी त्याखालीही. याला एप्लास्टिक क्रायसिस म्हणतात.

इथपर्यंतची गोष्ट पाठ्यपुस्तकात मिळते आणि परीक्षेत विचारलीही जाते. फुप्फुसाचा भाग त्यात बहुधा एका ओळीत उरकलेला असतो.

रक्त इतके पातळ झाले की शरीराला प्राणवायू पुरवण्यासाठी हृदय जोरात धावू लागते. काही वेळाने ते थकते, फुप्फुसांतून येणारे रक्त पुढे ढकलता येत नाही आणि तिथे पाणी झिरपू लागते. मूल आडवे होऊ शकत नाही, बसूनच राहते. हे पाहून घाबरलेला डॉक्टर काय करतो? रक्त मागवतो. बरोबरच आहे. पण ते घाईने, पूर्ण पिशवी एका दमात चढवली तर आधीच तुंबलेल्या फुप्फुसांवर आणखी भार पडतो. तीन हिमोग्लोबिन असलेल्या मुलाला रक्त थेंबाथेंबाने, वजनाच्या हिशेबाने आणि मध्ये थांबून द्यायचे असते. आणि ते दहाच्या वर न्यायचे नसते. सिकलच्या रक्ताला तेवढा घट्टपणा सोसत नाही. रात्री दोन वाजता एका सिस्टरवर तीस खाटा असताना हे सांभाळणे किती अवघड आहे, ते मला ठाऊक आहे. पण विषाणूपेक्षा आपल्या हातून फुप्फुस बुडण्याची शक्यता या टप्प्यावर जास्त असते, म्हणून बोललो.

फुप्फुसापर्यंतची दुसरी वाट जास्त ओळखीची. सिकलसेलच्या माणसाच्या छातीत दुखू लागते, ताप येतो, धाप लागते आणि एक्स-रेत नवा पांढरा डाग दिसतो. हा ॲक्यूट चेस्ट सिंड्रोम. फुप्फुसाच्या एका कोपऱ्यात प्राणवायू कमी पडला की तिथल्या पेशी कोयत्याच्या आकाराच्या होतात, बारीक वाहिन्या बुजवतात, त्यामुळे प्राणवायू आणखी कमी पडतो आणि आणखी पेशी वाकतात. एकदा हे चक्र सुरू झाले की तासांत बिघडते. अमेरिकेतल्या तीस केंद्रांनी मिळून केलेला एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. त्यात ५३८ रुग्णांच्या ६७१ घटना तपासल्या. जवळजवळ निम्मे रुग्ण भरती झाले होते ते दुसऱ्याच कारणासाठी, बहुतेक अंगदुखीसाठी. छातीचे दुखणे वॉर्डात असतानाच सुरू झाले. तेरा टक्क्यांना कृत्रिम श्वास द्यावा लागला. जंतूंचा शोध घेतला तेव्हा सत्तावीस निरनिराळे जंतू हाती लागले, त्यांत पार्वोविषाणूही होता. त्याच अभ्यासात आणखी एक कारण ठळकपणे पुढे आले, ते म्हणजे चरबी.

फुप्फुसात चरबी कुठून आली? मज्जेतून. हाडाच्या आतली मज्जा म्हणजे नुसत्या पेशी नव्हेत, तिच्यात भरपूर चरबी असते. सिकलसेलमध्ये मज्जेच्या वाहिन्या तुंबतात. त्यातच बी-१९ने तिच्या पेशींवर घाला घातला तर क्वचित मज्जेचा मोठा भाग मरतो. मेलेल्या मज्जेतले चरबीचे बारीक गोळे शिरांमध्ये शिरतात, शिरांतून हृदयाच्या उजव्या कप्प्यात आणि तिथून थेट फुप्फुसांत. शरीरातल्या साऱ्या शिरांचे रक्त फुप्फुसातून गाळले जाते, तेव्हा तिथे ते अडकणारच. आणि ते नुसते अडकून बसत नाहीत. शरीरातली विकरे त्या चरबीचे तुकडे करतात आणि सुटी झालेली मेदाम्ले फुप्फुसाचे कोवळे अस्तर जाळतात. विषाणू अजूनही हाडातच असतो. फुप्फुस जळते त्याने तिथून पाठवलेल्या मालाने.

हे दुर्मीळ आहे, पण ओळखता येण्याजोगे आहे. सुरुवात पाठीत आणि मांड्यांत असह्य दुखण्याने होते, नेहमीच्या दुखण्यापेक्षा वेगळे असे रुग्ण स्वतःच सांगतो. मग ताप, मग धाप, मग गोंधळलेले बोलणे, कारण काही गोळे फुप्फुस पार करून मेंदूतही जातात. प्लेटलेट झपाट्याने कोसळतात, रक्ताच्या काचपट्टीवर मज्जेतल्या कच्च्या पेशी दिसू लागतात. २०१४ साली लंडनच्या डॉक्टरांनी तोवर प्रसिद्ध झालेल्या अशा रुग्णांचा आढावा घेतला. त्यांतल्या सुमारे चौथा हिस्सा रुग्णांत ताज्या पार्वो-संसर्गाचा पुरावा होता. निम्म्याहून जास्त रुग्ण दगावले होते. ज्यांचे रक्त बदलून नवे भरले गेले त्यांच्यात मात्र मृत्यू बरेच कमी. त्या आढाव्यातली मला सर्वात अस्वस्थ करणारी गोष्ट ही की हे रुग्ण बहुतांशी सिकलसेलच्या सौम्य मानल्या जाणाऱ्या प्रकारांतले होते. सिकल आणि बीटा-थॅलेसेमिया असे दोन्ही दोष एकत्र आलेले रुग्ण आपल्याकडेही आहेत. मोठे होईपर्यंत ज्यांना कधी भरती व्हावे लागले नाही, ज्यांच्या घरच्यांनी आजार विसरून टाकला, अशी ही माणसे असतात.

आपल्याकडच्या सिकलसेलबद्दल ‘सौम्य’ हा शब्द फार वापरला जातो. त्यात तथ्य आहे. आपला अरब-भारतीय प्रकार. त्यात गर्भातले हिमोग्लोबिन मोठेपणीही जास्त टिकते आणि ते पेशींना वाकू देत नाही. पण मज्जेच्या शटडाउनपासून ते वाचवत नाही. पेशींचे आयुष्य कमी ते कमीच.

न्यूमोनिया या निदानाबद्दलही थोडे बोलले पाहिजे. सिकलसेलचे पहिले शास्त्रीय वर्णन शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी १९१० साली केले. रुग्ण होता ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकायला आलेला वॉल्टर नोएल. तो शिकून परत गेला, दवाखाना चालवला आणि १९१६ साली बत्तिसाव्या वर्षी वारला. कारणाची नोंद न्यूमोनिया अशीच आहे. आज मागे वळून पाहणारे बहुतेक डॉक्टर म्हणतील की तो ॲक्यूट चेस्ट सिंड्रोम असावा. नोएलच्या काळात कुणाला दोष द्यायची सोय नव्हती. आपल्याकडे आजही एक्स-रेत डाग दिसला की न्यूमोनियाचे इंजेक्शन सुरू होते, महिनाभर खोकला टिकला की टीबीची गोळी, आणि मूल पांढरे दिसले तर मलेरियाची काचपट्टी. या तिन्ही शंका आपल्या जिल्ह्यात रास्तच आहेत. चौथी शंका मात्र कुणाच्या डोक्यात येत नाही.

आणि बोईसरमध्ये तर पाचवी शंका सर्वांच्या आधी येते. १९६९पासून इथे अणुवीज आहे, एमआयडीसीच्या चिमण्या आहेत. कुणाला काहीही झाले की बोट तिकडे जाते. लोक उगाच बोलत नाहीत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८च्या निर्देशांकात तारापूर ९३.६९ गुण मिळवून देशात सर्वात वर होते, आणि खराब हवा सिकलच्या फुप्फुसाला चांगली असणे शक्यच नाही. पण हवेवर बोट ठेवून थांबले की रक्त तपासायचे राहून जाते. कारखान्याशी भांडण चालू ठेवावे आणि मुलाचे हिमोग्लोबिनही मोजावे. दोन्ही एकाच दिवशी करता येते.

आता तपासणीकडे येतो, कारण तिथे एक खाच आहे. सिकलसेलची पहिली चाचणी आपण सगळ्यांनी शिबिरांत पाहिली आहे. छोट्या नळीत रसायनाचे पाणी, त्यात बोटातून घेतलेले थोडे रक्त. नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरतात. रेघा स्पष्ट दिसल्या तर सिकलचे हिमोग्लोबिन नाही; पाणी गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर आहे. स्वस्त, सोपी, झाडाखाली बसून होणारी चाचणी. तिने वाहक कोण आणि रुग्ण कोण ते कळत नाही, त्यासाठी पुढे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी लागते, हेही आशाताईंना माहीत असते. पण हिमोग्लोबिन फारच कमी असले तर हीच चाचणी खोटे बोलू शकते. नळीत गढूळपणा यायला पुरेसे हिमोग्लोबिनच नसते, रेघा स्वच्छ दिसतात आणि कागदावर ‘निगेटिव्ह’ असे लिहिले जाते. म्हणजे पार्वोने ज्याचे रक्त तीनवर आणले आहे, त्यालाच ती सिकलसेल नाही म्हणून परत पाठवण्याची शक्यता. अशा मुलाच्या रक्तातले पाणी काढून घट्ट पेशी वापराव्यात, किंवा थेट पुढची चाचणी करावी. आणि ती रक्त चढवण्याच्या आधी. एकदा दुसऱ्याचे रक्त अंगात गेले की कितीतरी आठवडे निकालाचा भरवसा धरता येत नाही.

निदानाची खरी किल्ली मात्र साध्या सूक्ष्मदर्शकात आहे. सिकलसेलच्या मुलाचे रक्त कमी झाले की मज्जा जोर लावते आणि रक्तात नव्या, कच्च्या तांबड्या पेशी वाढतात. त्यांना रेटिक्युलोसाइट म्हणतात. पार्वोत त्या जवळजवळ गायब होतात, एक टक्क्याच्याही खाली. हिमोग्लोबिन कमी आणि रेटिक्युलोसाइटही कमी, अशी जोडी दिसली की मज्जा बंद पडली आहे असे समजावे. निळा रंग, काचपट्टी आणि मोजण्याचा कंटाळा नसलेला तंत्रज्ञ, एवढे पुरते. विषाणूची स्वतःची चाचणी मुंबईला पाठवता येईल. तिच्यासाठी उपचार थांबवायचे नाहीत. त्या विषाणूवर औषध नाही, लसही नाही. रक्त, प्राणवायू आणि लक्ष, हेच उपचार.

लक्ष म्हणजे काय तेही सांगतो. भरती झालेल्या मुलाच्या बोटाला दर काही तासांनी ऑक्सिमीटर लावायचा आणि आकडा लिहून ठेवायचा, सकाळचा राउंड होईपर्यंत थांबायचे नाही. श्वास मोजायचे, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे मिनिटाला चाळीस किंवा जास्त झाले की ते जलद, हे आशाताईंना पाठ असते. छाती रोज पुन्हा ऐकायची, कारण पहिल्या दिवशीचा एक्स-रे स्वच्छ असू शकतो. आणि तीन गोळ्यांचे ते प्लॅस्टिकचे यंत्र, करोनाच्या काळात घरोघरी आलेले, ते या मुलांच्या हातात द्यायचे. छातीच्या किंवा पाठीच्या दुखण्याने ही मुले खोल श्वास घेत नाहीत, मग फुप्फुसाचा तळ मिटतो आणि पेशी तिथे वाकायला लागतात. अमेरिकेत १९९५ साली एक छोटा अभ्यास झाला. जागेपणी दर दोन तासांनी दहा वेळा ते यंत्र ओढायला लावलेल्या एकोणीस घटनांत फुप्फुसाचा बिघाड एकदाच झाला, न लावलेल्या एकोणीसमध्ये आठ वेळा. काही शे रुपयांच्या वस्तूचा इतका उपयोग मी फार थोड्या ठिकाणी पाहिला आहे. मुलांना ते आवडतेही. शेजारच्या खाटेवरच्याशी पैज लावून तिसरी गोळी वर चढवतात.

आपल्याकडची मुख्य अडचण अंतराची आहे. पहिली घंटा वाजते ती आश्रमशाळेत. तिथे एका खोलीत कितीतरी मुले झोपतात आणि हा विषाणू शिंकण्या-खोकण्यातून पसरतो. लागण झाल्यापासून आजार दिसेपर्यंत साधारण चार दिवस ते दोन आठवडे जातात. पन्नास मुलांना थोडा ताप येऊन जातो, सिकलसेलचे एक मूल मात्र उठेनासे होते. अधीक्षक म्हणतात, अंगात रक्त कमी आहे, आणि लोहाची बाटली देतात. तिथून प्राथमिक आरोग्य केंद्र, तिथून जव्हारचे कुटीर रुग्णालय, तिथून नाशिक किंवा ठाणे किंवा सिल्वासा. सिकलसेलच्या रुग्णाला एसटीत सवलत आहे. ज्या पाड्यावर एसटी येत नाही तिथे तिचा उपयोग काय, हा प्रश्न मी इथे बसलेल्या लोकप्रतिनिधींसाठी सोडतो. दिवाळीनंतर हीच कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर वसई, भिवंडी, बोईसरला जातात. तेव्हा लाल कार्ड पाड्यावर पत्र्याच्या पेटीत आणि मूल भट्टीवर.

लाल कार्ड रुग्णाचे, पिवळे वाहकाचे, हे आपल्याकडे रुळले आहे. १ जुलै २०२३ रोजी शहडोलहून राष्ट्रीय अभियान सुरू झाले. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७पर्यंत निर्मूलन, असे त्याचे उद्दिष्ट. तपासण्या होत आहेत, हायड्रॉक्सीयुरिया हे औषध मिळते आहे, हे चांगलेच. पण त्या कार्डावर ‘एसएस’ या दोन अक्षरांपलीकडे दोन आकडे हवेत, असे माझे जुने म्हणणे आहे : बरे असतानाचे हिमोग्लोबिन आणि बरे असतानाचा ऑक्सिजन. हे मूल एरवी आठवर खेळत असते हे कळले तरच आजचे पाच म्हणजे काय ते रात्रीच्या डॉक्टरला उमगेल. तिसरी नोंद, पार्वो होऊन गेला का? एकदा झाला की शरीर त्याला सहसा विसरत नाही, असा झटका पुन्हा जवळपास येत नाही. फिलाडेल्फियाच्या मुलांचा २००४ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास असो की जमैकाचा दीर्घ अनुभव, दोन्हीकडे हा विषाणू दरवर्षी काही मुलांना गाठतोच असे दिसते. त्यांतल्या काहींना छातीचा त्रासही होतो. २०२४च्या उन्हाळ्यात युरोप आणि अमेरिकेच्या आरोग्य यंत्रणांनी बी-१९ वाढल्याचे इशारे दिले, त्यांत सिकलसेलच्या रुग्णांचा उल्लेख होता. म्हणजे लाट येते-जाते, आणि आपण ती मोजत नाही एवढाच फरक.

एक मूल पार्वोमुळे भरती झाले की त्याच दिवशी आईला विचारावे, घरी लाल कार्डवाले आणखी कोण आहे. विषाणू एका घरात एका मुलावर थांबत नाही. धाकट्या बहिणीचे रक्त पुढच्या आठवड्यात घसरू शकते. तिला आधीच तपासून, काय दिसले की कुठे यायचे ते सांगून ठेवले तर रात्रीची धावपळ वाचते.

आणि वॉर्डात ड्युटी लावताना सिस्टर गरोदर आहे का, हे विचारावे. एप्लास्टिक क्रायसिसमधले मूल विषाणूने भरलेले असते. ज्या बाईला पूर्वी कधी पार्वो झाला नाही तिला पहिल्या पाच महिन्यांत तो झाला, तर विषाणू वारेतून बाळापर्यंत जाऊ शकतो. पोटातल्या बाळाच्या तांबड्या पेशी तेव्हा यकृतात तयार होत असतात, त्यांची तीच गत होते. बहुतेक बाळे यातून सुखरूप निभावतात. ज्यांचे निभत नाही त्यांचे हृदय थकते, अंगभर आणि छातीच्या पोकळीत पाणी साचते, आणि ते फार दिवस राहिले तर फुप्फुसांना वाढायला जागा उरत नाही. हे सोनोग्राफीत दिसते, म्हणून पुढचे दोन-तीन महिने दर आठवड्याला पाहतात. मोठ्या केंद्रात पोटातच बाळाला रक्तही देता येते. पण बोईसरहून त्यासाठी मुंबई गाठण्यापेक्षा त्या सिस्टरची आठ दिवसांची ड्युटी दुसऱ्या वॉर्डात लावणे सोपे. ते मेट्रनच्या हातात असते, कुणाच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही.

आता आपले प्रश्न घेतो.